एकतीसच्या पुढे काय?

कुरुंदा हे नाव मराठीच्या वाचकाला अगदीच अनोळखी नसावे. नरहर कुरुंदकरांच्या घराण्याचे हे गाव. मी मराठीचा प्राध्यापक आहे हे कळले की परगावचे लोक माझे गाव विचारतात, आणि मी ‘कुरुंदा’ म्हटले की ‘म्हणजे कुरुंदकरांचे?’ असे म्हणून माझ्याकडे जरा आदराने पाहू लागतात. त्या आदरातला माझा वाटा शून्य आहे हे मला पक्के ठाऊक असते. पण मी तो परत करीत नाही.

गाव वसमत तालुक्यातले. जिल्हा पूर्वी परभणी होता, १९९९ पासून हिंगोली झाला. मुलूख हळदीचा. आमचा वाडा जुन्या पद्धतीचा, माळवदाचा. त्यावर पावसाळ्यापूर्वी नवी पांढरी माती टाकावी लागते. ते काम दरवर्षी दादा एकटाच उरकतो. यंदा मात्र मधल्या खोलीची एक तुळई खचली, म्हणून त्याने मला बोलावून घेतले आणि मे महिन्याच्या शेवटी मी कुरुंद्याला जाऊन पोहोचलो.

मधली खोली म्हणजे अण्णांची खोली. अण्णा माझे धाकटे चुलते. प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्यांना जाऊन आता सहा वर्षे झाली, पण त्यांच्या फडताळाला कोणी हात लावला नव्हता. तुळई बदलायची म्हणून ते रिकामे करणे भाग पडले. त्यातून निघाले काय? एक समई, चष्म्याची तीन रिकामी घरे, आणि लाल खारव्याच्या फडक्यात गुंडाळलेली एक जाड वही.

काकू ओट्यावर बसून पाहत होत्या. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणाल्या, “रद्दीवाला दोनदा मागून गेला ती. मी दिली नाही. म्हटलं, आकडे आहेत सगळे. कुणाचं देणं-घेणं राहिलं असलं तर?”

दादाने वही उघडली. पहिल्याच पानावर एक ओळ होती: २३, २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१. खाली तशीच दुसरी, तिसरी, चौथी. पाने उलटावीत तो सगळीकडे आकडेच आकडे. मध्ये कुठे तांबड्या शाईने एखादा आकडा गोल करून ठेवलेला. दादाने काकूंकडे पाठ केली आणि मला हळूच विचारले, “का रे, अण्णा आकडा तर लावीत नव्हते?”

मी काही बोललो नाही. वही कसली आहे हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होते.

मी एम. ए. ला होतो तेव्हाची गोष्ट. दिवाळीला घरी आलो होतो, आणि चार बुके वाचल्याचा तोरा अंगात होता. फराळाच्या वेळी अण्णांनी ही वही काढली आणि मोठ्या उत्साहाने मला सांगू लागले, की कुठलीही संख्या घ्यावी, तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवावी, म्हणजे नवी संख्या जन्माला येते. २३ घेतली. दोन आणि तीन पाच. २३ आणि ५ मिळून २८. म्हणजे २३ ही २८ ची जनक. आता २८ चे अंक दोन आणि आठ, दहा. २८ आणि १० मिळून ३८. असा वंश पुढे चालतो. “पण काही संख्या अशा आहेत,” अण्णा म्हणाले, “की त्यांना जनकच नाही. कुठूनही आलेल्या नाहीत. त्या स्वयंभू.”

मी चकलीचा तुकडा मोडीत म्हणालो, “अण्णा, आकड्यांना आईबाप असतात हे मला नव्हते माहीत. मग त्यांची मुंजही करीत असाल!” सगळे हसले. अण्णाही हसले. वही मिटून त्यांनी फडताळात ठेवली आणि मला पुन्हा कधी दाखवली नाही.

दादाची मुलगी नांदेडला विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती संध्याकाळी आली, वही तिच्या हातात पडली, आणि पाच मिनिटांत ती ओरडली, “काका, अहो हे तर कापरेकर!” वहीच्या आतल्या बाजूला, पुठ्ठ्यावर, अण्णांनी सुबक अक्षरात लिहिलेच होते: श्री. द. रा. कापरेकर, देवळाली. आम्हा दोघा भावांना ते दिसले नव्हते. आम्ही आकड्यांनाच भ्यालो होतो.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव मराठी घरांत जेवढे ठाऊक असायला हवे तेवढे नाही. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. तेव्हा आकडेमोड घरातच होती. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनासाठी त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होते, आणि त्या पगारात स्वतःच्या खर्चाने गणिताच्या परिषदांना जात, स्वतःच्या खर्चाने लहान लहान पुस्तिका छापीत. आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांना त्यांचे काम म्हणजे पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते वारले.

त्यांचा ६१७४ पुष्कळांनी ऐकला असेल. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. २००४ हे साल घेऊ: ४२०० वजा ००२४, म्हणजे ४१७६. पुन्हा तेच: ७६४१ वजा १४६७, म्हणजे ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. आणि कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात पावलांत तिथेच पोहोचणार. मुलांना दिवाळीच्या सुट्टीत करायला द्या. तासभर घर शांत राहील.

परंतु अण्णांची वही ६१७४ ची नव्हती. ती स्वयंभू संख्यांची होती. त्यांच्यावरची कापरेकरांची पुस्तिका १९६३ सालची. ‘स्वयंभू’ हा शब्द कानी पडला की आमच्या भागातल्या माणसाचे मन आधी औंढा नागनाथाकडे जाते. जे कोणी घडवले नाही, कोणी आणून बसवले नाही, आपले आपण प्रकट झाले, ते स्वयंभू. पिंडीसाठी वापरायचा शब्द संख्येला लावणारा गणिती मराठीच्या प्राध्यापकाला आवडल्यावाचून कसा राहील? मला तो वीस वर्षे उशिरा आवडला, एवढेच.

शंभराच्या आत अशा संख्या तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. नऊनंतर दर अकराने एक पायरी. पण हा नियम टिकत नाही. ९७ नंतर १०८ येते आणि लगेच ११०. वंशावळीत आणखीही गमती आहेत. १०१ ला दोन जनक आहेत: ९१ आणि १००. अशा संख्येला कापरेकर ‘जंक्शन’ म्हणत. त्यांच्या गणितात आगगाडी वरचेवर डोकावते. ‘डेम्लो’ नावाच्या त्यांच्या दुसऱ्या एका संख्याकुळाचे नावसुद्धा डोंबिवली स्टेशनावरून आलेले. अण्णांनी १०१ च्या पुढे कंसात ‘पूर्णा’ असे लिहून ठेवले होते. दादाला त्याचा अर्थ लागेना. वसमतहून गाडीने निघाले की पूर्णा जंक्शन येते, म्हणून!

इथवर खेळ. पण वही जसजशी पुढे जाते तसतसा अण्णांचा रोख बदलतो. मधून मधून एकेका पानावर मोठ्या अक्षरात एकच संख्या आहे आणि तिच्याखाली पानभर वजाबाक्या. ती पाने माझ्या पुतणीने मला समजावून दिली, आणि मी तुम्हाला समजावून देणार आहे. वाचकहो, घाबरू नका. ज्याला दहावीला गणितात जेमतेम मार्क होते त्याला जे कळले ते तुम्हाला कळेलच.

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही, ती मूळ संख्या. अविभाज्य असेही म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ अशा त्या आहेत. आणि त्या कधी संपत नाहीत हे युक्लिडाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच दाखवून ठेवले आहे. आता दोनाला दोनाने गुणत जा आणि येईल त्यातून एक वजा करा. ३, ७, १५, ३१, ६३, १२७ अशी ओळ लागते. तीत १५ आणि ६३ फुटतात. पण ३, ७, ३१, १२७ या मूळ आहेत. सतराव्या शतकात मारँ मर्सेन नावाचा एक फ्रेंच धर्मोपदेशक होऊन गेला. १६४४ साली त्याने अशा संख्यांची एक यादी छापली, म्हणून त्यांना मर्सेन संख्या म्हणतात. यादी पुष्कळ चुकलेली होती. दोनाचा ६७ वा घात वजा १ ही संख्या मर्सेनने मूळ म्हणून दिली होती. ती १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार आहे, हे १९०३ साली कोल या अमेरिकन प्राध्यापकाने फळ्यावर करून दाखवले. सगळा वेळ तो एक शब्दही बोलला नाही, खडू खाली ठेवून जागेवर जाऊन बसला आणि सभेने टाळ्या वाजवल्या, अशी गोष्ट सांगतात. तासभर न बोलता टाळ्या मिळवणारा प्राध्यापक पाहिला की माझ्यासारख्याला हेवा वाटतो.

अण्णांच्या डोक्यात एकच प्रश्न शिरला होता. संख्या मूळ आहे, म्हणजे ती फोडता येत नाही. संख्या स्वयंभू आहे, म्हणजे ती कुणापासून निपजलेली नाही. मर्सेनच्या ओळीत या दोन्ही कसोट्यांना उतरणाऱ्या संख्या किती? ३ उतरते, ७ उतरते, ३१ उतरते. मग पुढे?

जनक शोधण्याची कापरेकरांची रीत मोठी सुबक आहे. नवाचा ताळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती लगेच पटेल. १२७ घ्या. अंकांची बेरीज १०, पुन्हा १. म्हणजे ताळा १. जनकाच्या अंकांची बेरीज जनकातच मिळवायची असते आणि दोघांचा ताळा एकच असतो. तेव्हा तो ताळा दुप्पट केला की १ यायला हवा. कोणता अंक दुप्पट केला की ताळा १ येतो? पाच, पाच दुणे दहा, ताळा एक. म्हणजे १२७ ला जनक असलाच तर त्याच्या अंकांची बेरीज ५, १४ किंवा २३ असणार. दुसरी कुठलीही नाही. १२७ मधून ५ काढा. १२२ राहिले. अंकांची बेरीज १ आणि २ आणि २, पाचच! सापडला जनक. १२७ स्वयंभू नव्हे. ३१ ला हीच कसोटी लावा: ताळा ४, त्याचा निम्मा २; म्हणून वजा करायचे ते २ किंवा ११. ३१ मधून २ गेले, २९; त्याची बेरीज ११, दोन नव्हे. ३१ मधून ११ गेले, २०. त्याची बेरीज २, अकरा नव्हे. एकही उमेदवार टिकला नाही. ३१ स्वयंभू.

याच रीतीने अण्णांनी एकेक मर्सेन मूळ संख्या तपासली होती. ८१९१: जनक ८१६८. १३१०७१: जनक १३१०६०. ५२४२८७: जनक ५२४२६४. शेवटचे पान २१४७४८३६४७ चे. हिला भाग जात नाही हे ऑयलर या थोर गणितज्ञाने १७७२ साली सिद्ध केले होते. ताळा १, म्हणून ५, १४, २३, ३२, ४१ अशी एकेक वजाबाकी. पहिल्या चार वजाबाक्यांवर अण्णांची बारीक काट आहे. पाचवीला उत्तर आले २१४७४८३६०६, अंकांची बेरीज बरोबर ४१. जनक मिळाला. म्हणजे स्वयंभू हुकली. खाली एक रिकामी ओळ, आणि मग तांबड्या शाईत: एकतीसच्या पुढे काय? वही तिथे संपते.

ते तांबडे अक्षर पाहिले आणि मला एक पोस्टकार्ड आठवले.

२००७ साली मी शहरातल्या एका कॉलेजात नुकताच रुजू झालो होतो. अण्णांचे कार्ड आले. खुशाली, पाऊसपाणी, आणि शेवटी दोन ओळी: तुझ्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापक असतील, त्यांना सवडीने विचार की मर्सेनच्या मूळ संख्यांत ३१ नंतर स्वयंभू आढळली आहे काय, इकडे पुस्तके मिळत नाहीत. गणिताचा विभाग आमच्या समोरच्या व्हरांड्यात होता, वीस पावलांवर. मी विचारले नाही. नव्या नोकरीत कुणासमोर आपल्या चुलत्याचा नाद उघडा करायचा, याची मला लाज वाटली. कार्ड एका ग्रंथात खूण म्हणून घातले. अण्णांनी पुन्हा विचारले नाही. पुढे दहा-बारा वर्षांत कितीदा भेटलो, तेव्हाही नाही.

हे मी पुतणीला सांगितले नाही. नुसते एवढेच म्हटले, “शोध बरे, याचे उत्तर कुठे आहे का.”

तिने आधी अण्णांचे राहिलेले काम पुढे नेले. दोनाचे ६१, ८९, १०७ आणि १२७ वे घात, प्रत्येकी वजा १, या पुढच्या चार मर्सेन मूळ संख्या. ओट्यावर बसून, कागदावर, अण्णांच्याच रीतीने तिने त्या तपासल्या. चौघींनाही जनक निघाला. १२७ व्या घाताची संख्या ३९ अंकी आहे, लुकास या फ्रेंच गणितज्ञाने ती १८७६ साली मूळ ठरवली. तिच्यातून १५८ वजा केले की तिचा जनक हाती येतो. म्हणजे पहिल्या बारा मर्सेन मूळ संख्यांत स्वयंभू तीनच: ३, ७ आणि ३१. अण्णांनी आणखी पाच वर्षे कागद काळे केले असते तरी त्या चौघींतून त्यांना एकही लाभली नसती. हे कळल्यावर मला बरे वाटले की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मग तिने फोन उघडला. उत्तर होते, आणि चांगले जुने होते.

दोनाचा २४०३६५८३ वा घात, वजा १. दोन कोटी चाळीस लाख वेळा आणि वर दोनाला दोनाने गुणायचे, आणि एक कमी करायचा. ही संख्या मूळ असल्याचे २००४ साली १५ मे रोजी कळले. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळ संख्या शोधण्याची एक जगभरची मोहीम सुरू केली. हौशी लोक आपला संगणक रिकामा असताना तिच्या कामाला जुंपतात. अशा एका हौशी माणसाच्या, अमेरिकेतल्या जॉश फिंडली यांच्या संगणकाने पंधरा दिवसांहून थोडा अधिक वेळ काम करून ही संख्या हाती दिली. तिच्यात ७२,३५,७३३ अंक आहेत.

एवढ्या मोठ्या संख्येला भाग जात नाही हे कसे समजते? एकेक संख्येने भागून पाहणे सूर्य विझेपर्यंत संपणार नाही. त्यासाठी लुकास आणि पुढे लेहमर यांनी बसवलेली एक कसोटी आहे, तीही ३१ वर करून पाहता येते. चारापासून सुरुवात करा. वर्ग करून दोन वजा करा: १४. पुन्हा: १९६ वजा २, म्हणजे १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. पुन्हा: ६४ वजा २, म्हणजे ६२, ३१ ने भागून बाकी शून्य. शून्य आले, म्हणून ३१ मूळ. ३१ मध्ये दोनाचा पाचवा घात, म्हणून पावले तीन. घातापेक्षा दोन कमी. आपल्या मोठ्या संख्येला हीच पावले २,४०,३६,५८१ टाकावी लागतात, आणि प्रत्येक पावलावर बहात्तर लाख अंकी संख्येचा वर्ग करावा लागतो. शेवटी शून्य यावे लागते. ते आले.

हा झाला मूळपणा. आणि स्वयंभूपण? लूक पेबडी यांनी २००६ च्या ऑक्टोबरात दाखवले की ही संख्या स्वयंभूही आहे. त्या वेळी ठाऊक असलेल्या स्वयंभू मूळ संख्यांत ही सर्वांत मोठी ठरली. मधल्या सगळ्याच संख्यांचा हिशेब माझ्यापाशी नाही. परंतु ‘एकतीसच्या पुढे आहे काय’ याला ‘आहे’ असे उत्तर २००६ साली दिले गेले होते. आणि अण्णांचे कार्ड २००७ सालचे.

पुतणीला अर्थात माझ्या कार्डाची कल्पना नव्हती. तिला दुसरेच कौतुक. ती म्हणाली, “काका, बहात्तर लाख अंक, पण रीत अण्णा आजोबांचीच लागते, बघा.” दोनाच्या घातांना नवाने भागले की बाकी २, ४, ८, ७, ५, १ अशी सहा-सहांच्या चक्राने फिरते. २४०३६५८३ ला सहाने भागून बाकी १, म्हणजे चक्रातली पहिली, २; त्यातून एक गेला, ताळा १. अगदी १२७ सारखा! म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज पुन्हा ५, १४, २३, ३२ अशीच. कुठवर? सगळे अंक ९ धरले तरी बेरीज ६,५१,२१,५९७ च्या वर जात नाही. म्हणजे उमेदवार सुमारे बहात्तर लाख. ऐकायला पुष्कळ, पण ही बेरीज आठ अंकी असल्यामुळे एवढ्या महाकाय संख्येतून ती वजा करताना बदल होतो तो शेवटच्या आठ अंकांच्या शेपटीतच, फार तर त्यापलीकडे हातचा एक. आधीच्या लाखो अंकांची बेरीज एकदा करून ठेवली की काम शेपटीपुरते उरते. पाटीवरची वजाबाकीच ती, फक्त पाटी जरा मोठी. आणि बहात्तर लाख उमेदवारांतून एकही टिकत नाही.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न दादाने त्या रात्री विचारलाच. दोष त्याचा नाही. घरात तुळईचा खर्च निघालेला असताना हा प्रश्न सुचणारच. मूळ संख्यांचा उपयोग आहे. बँकेचे निरोप फोनवरून गुप्तपणे जातात ते मोठ्या मूळ संख्यांच्या जोरावर. पण त्या काहीशे अंकी असतात. बहात्तर लाख अंकी संख्येला कोणतीही बँक दारात उभी करणार नाही. आणि स्वयंभूपणाला तर कवडीची किंमत नाही. अंकांची बेरीज ही आपण दहाच्या पटीत लिहितो त्या लिहिण्याची करामत. दुसऱ्या पद्धतीने लिहिले तर आजची स्वयंभू उद्या नसेल. गणितातले धुरंधर कापरेकरांना किरकोळ समजत ते याचमुळे. दादाला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, “मग अण्णांनी एवढी वही कशाला भरली?” मला उत्तर देता आले नाही. मीही वृत्तांवर आणि यमकांवर पगार घेतो. ती तरी भाषेतली अंकांची बेरीजच नव्हे काय?

२०२४ च्या ऑक्टोबरात याहूनही मोठी मर्सेन मूळ संख्या जाहीर झाली. ल्यूक ड्युरांट यांनी शोधलेली; दोनाचा १३६२७९८४१ वा घात, वजा १; अंक ४,१०,२४,३२०. तिला जनक आहे की नाही, हे पाहण्याचा पुतणीचा विचार आहे. तिने माझ्याकडून नव्या संगणकाचे अर्धे पैसे कबूल करून घेतले आहेत. मी एका शब्दानेही घासाघीस केली नाही, याचे दादाला नवल वाटले.

दुसऱ्या दिवशी तुळई बसली, माती पडली, आणि फडताळ पुन्हा लावायची वेळ आली. काकूंनी विचारले, “निघालं का कुणाचं देणं?”

“निघाले,” मी म्हटले, “माझेच होते.” त्यांनी पुढे काही विचारले नाही.

वही मी मागितली. काकू म्हणाल्या, “ती इथंच राहील.” मग पुतणीने अण्णांच्या तांबड्या प्रश्नाखाली काळ्या शाईने लिहिले: आहे. २ चा २४०३६५८३ वा घात, वजा १. काकूंनी वही डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले. त्यांचे समाधान झाले नाही.

“ह्यांनी तर आकडे पुरते लिहिलेत. तू असं आखूड का लिहिलंस? सगळा आकडा लिही की.”

“आजी, सगळा लिहायचा तर एका पानावर दोन हजार अंक धरले तरी साडेतीन हजारांच्या वर पाने लागतील!”

काकूंनी खारव्याचे फडके झटकले, वही नीट गुंडाळली, आणि दादाला हाक मारून म्हणाल्या, “वसमतला जाशील तेव्हा हिला वह्या आण. जाड आण.”